आबांचं बुद्धिबळ आणि स्पर्धेचं बुद्धिबळ : मुलाला मुळापासून कसं शिकवू?

माजघर

गेल्या रविवारी माझा नऊ वर्षांचा मुलगा पहिली बुद्धिबळ स्पर्धा खेळला. तिसऱ्या फेरीत त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं होतं. समोरच्या मुलीकडे नुसता राजा, आणि तोही लांब कोपऱ्यात. पालकांना दोरीबाहेर उभं राहायला सांगितलं होतं, पण पट दिसत होता. त्यानं प्यादं शेवटच्या घरात, सी८ ला (उभी सी रांग, आठवं घर) नेलं, शेजारच्या मेलेल्या सोंगट्यांमधून एक उंट उचलला आणि तिथे ठेवला.

मुलीनं हात वर केला. पंच आले, पटाकडे बघितलं आणि म्हणाले, "राजा आणि एकटा उंट, यात मात होऊच शकत नाही. बरोबरी." दोघांना हस्तांदोलन करायला लावलं. माझा मुलगा तिथेच खुर्चीवर बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "वजीर का नाही घेतलास?" तो म्हणाला, "ते उंटाचं घर आहे ना, आई."

मग हळूहळू उलगडा झाला. त्याला बुद्धिबळ शिकवलं ते आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. आबा ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या वडिलांकडून शिकले. त्यांच्या खेळात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तोच मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. राजाच्या किंवा वजिराच्या घरात पोचलं तरच वजीर. प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं. राजाला शह बसला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. पहिल्या फेरीत मुलानं तीही उडी मारली होती. ती बेकायदा खेळी ठरली आणि समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळाली.

इथवर समजण्यासारखं होतं. पण मुलांना घेऊन गेलेल्या सरांनी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "घरी तुला चुकीचं शिकवलंय." घरी आल्यावर त्यानं ते जसंच्या तसं आबांना सांगितलं. आबा काही बोलले नाहीत. रोज जेवणानंतर मांडला जाणारा पट गेले चार दिवस कपाटावर आहे.

मला स्वतःला सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं. माझे दोन प्रश्न आहेत. आबांचे नियम खरंच चुकीचे आहेत का? आणि मला आता पहिल्यापासून शिकून मुलाला शिकवायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

अडीचकी

माजघर ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आबांपर्यंत पोचायला हवं. त्यांचे नियम चुकीचे नाहीत. ते देशी बुद्धिबळाचे नियम आहेत आणि आपल्याकडे कित्येक पिढ्या असाच खेळ चालत होता. एका घरचं प्यादं, राजाची एकदाच उडी, घराप्रमाणे बढती हे सगळं त्यातलंच. पट मांडायची पद्धतही वेगळी होती. आज राजासमोर राजा येतो. जुन्या मांडणीत राजासमोर समोरच्याचा वजीर यायचा. आबांना विचारून बघा, ते तसं मांडतात का.

मीर सुलतान खान हे नाव मुलाला नक्की सांगा. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला, युरोपीय नियम मोठेपणी शिकला. १९२९ मध्ये त्याचे आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्ये जिंकला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, म्हणजे माजी विश्वविजेत्याला. सुरुवातीच्या खेळ्यांत तो मागे पडायचा, कारण प्यादं दोन घरं पुढे टाकून होणारी धावपळ त्याच्या मूळ खेळात नव्हतीच. पण पटावर थोडे मोहरे उरले की त्याला आवरणं कठीण. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

तेव्हा आबांनी नातवाला जे दिलंय त्याला चुकीचं म्हणणाऱ्या सरांना हा इतिहास माहीत नसावा. मुलाला दोन खेळ येतात, असं समजा. फक्त स्पर्धेत कोणता खेळायचा हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

वाईची_पोर

अगदी अगदी! माझी आजी असंच खेळायची. तिच्या नियमात घोड्याच्या घरात प्यादं पोचून घोडा झाला की त्याला लगेच एक उडी फुकट मिळायची. मी लहानपणी त्या एका उडीसाठी अख्खा डाव रचायचे. हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आबांना पट खाली काढायला लावा, ताई.

तिरकी_चाल

मी नागपुरात लहान मुलांचे वर्ग घेते, बारा वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी ३२ सोंगट्या मांडतात, प्रत्येकीची चाल एका दमात सांगतात आणि "चल खेळ" म्हणतात. मूल गोंधळतं, वजीर घेऊन पटभर फिरतं आणि ज्याचा वजीर आधी मरतो तो हरतो. महिनाभरानं मूल म्हणतं, मला नाही आवडत. त्याला बुद्धिबळ आवडलं नाही असं नसतं, ते त्याला भेटलेलंच नसतं.

मी पहिला आठवडा फक्त प्यादी मांडते. आठ पांढरी, आठ काळी, बाकी पट मोकळा. ज्याचं प्यादं आधी शेवटच्या रांगेत पोचेल तो जिंकला. प्याद्याची चाल सरळ आणि मारायचं तिरकं, हे दहा मिनिटांत अंगात भिनतं. दोन प्यादी समोरासमोर आली की दोन्ही अडकतात, हे मूल स्वतः शोधतं. पहिल्या खेळीला दोन घरं जाता येतं हेही इथेच.

आँ पासाँ हा नियमही इथेच सांगते, नंतर ठेवत नाही. पांढरं प्यादं ई५ वर उभं आहे. काळं प्यादं डी७ वरून एकदम डी५ ला उडी घेऊन त्याच्या शेजारी आलं. एकच घर चाललं असतं तर डी६ वर मारता आलं असतं. मग ते डी६ वरच होतं असं समजून मारायचं: पांढरं प्यादं डी६ ला जातं आणि काळं प्यादं पटाबाहेर. हक्क फक्त लगेचच्या खेळीपुरता. एक खेळी गेली की संपला. मुलांना हे "चोरून पळणाऱ्याला पकडणं" म्हणून सांगितलं की कधी विसरत नाहीत. आबांच्या खेळात प्यादं दोन घरं जातच नसल्यामुळे या नियमाची गरजच नव्हती, हेही मुलाला सांगा.

दुसऱ्या आठवड्यात एकाकडे हत्ती, दुसऱ्याकडे प्यादी. मग उंट. मग वजीर. घोडा सगळ्यात शेवटी, कारण तो डोक्याला वेगळं काम देतो. घोड्यासाठी माझं एक आवडतं कोडं आहे: घोडा ए१ च्या कोपऱ्यात ठेवा आणि शेजारच्या तिरक्या घरात, बी२ ला न्यायला सांगा. मुलं म्हणतात, दोन उड्यांत जाईल. जात नाही. चार लागतात. ए१, सी२, बी४, डी३, बी२. हे बोटानं पटावर करून बघितलं की मूल घोड्याकडे आदरानं पाहू लागतं. मग विचारायचं, पटाच्या मधल्या घरातून घोडा किती घरांवर नजर ठेवतो? आठ. आणि कोपऱ्यातून? दोन. घोडे मध्यात आणा, हे मला पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात. ते उद्या लिहिते, वर्गाची वेळ झाली.

रात्रपाळी

तिरकी_चाल, फार छान. मी मात्र थोडं वेगळं म्हणेन. मुलगा स्पर्धा खेळतोय तर त्याला सुरुवातीच्या खेळ्या पाठ करून घ्या. दहा-बारा खेळ्या पाठ असल्या की निदान पहिल्या दहा मिनिटांत हरत नाही. माझ्या पुतण्याला आम्ही तसंच केलं.

तिरकी_चाल

रात्रपाळी, नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी याच्या ठाम विरुद्ध आहे. पाठ केलेल्या दहा खेळ्यांपैकी चौथ्याच खेळीला समोरचं मूल काहीतरी वेगळं खेळतं आणि आपलं मूल आजूबाजूला बघायला लागतं. त्याला पुढे काय करायचं हे माहीत नसतं, कारण का करायचं हे कधी सांगितलेलंच नसतं.

पाठ करण्यासारखी एकच गोष्ट आहे: चार खेळ्यांची मात. तीही ओळखण्यासाठी. पांढरा ई४, काळा ई५. पांढरा उंट सी४ ला, काळा घोडा सी६ ला. पांढरा वजीर एच५ ला. आता काळ्यानं घाईनं दुसरा घोडा एफ६ ला काढला की वजीर एफ७ चं प्यादं मारतो आणि मात. एफ७ च का? सुरुवातीला त्या घराला राखण फक्त राजाची असते, म्हणून. उपाय सोपा: वजीर एच५ ला आला की प्यादं जी६ ला. वजीर एफ३ ला सरकून पुन्हा एफ७ वर डोळा ठेवेल, तेव्हा घोडा एफ६ ला. आता पांढऱ्याचा वजीर उगाच फिरलेला आहे आणि काळ्याचे दोन घोडे बाहेर आहेत.

बाकी सुरुवातीसाठी मुलाला इतकंच: मधली घरं प्याद्यानं धर, घोडे-उंट बाहेर काढ, एकच मोहरा दोनदा हलवू नकोस, राजाला किल्लेकोटात घाल. वजीर घाईनं बाहेर काढू नकोस.

पेणचा_पाहुणा

किल्लेकोटाचा विषय निघालाच आहे तर एक शंका. राजाला एकदा शह बसला की पुढे किल्लेकोट करता येत नाही ना? आमच्याकडे तसंच खेळतात.

अडीचकी

येतो. ही समजूत मी निदान वीस घरांत ऐकली आहे आणि ती बहुधा त्या जुन्या राजाच्या उडीवरून आली असावी. तिथे शह बसला की उडीचा हक्क जायचा.

किल्लेकोटात राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून उडून पलीकडे बसतो. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा. दोघांच्या मधली घरं मोकळी हवीत. त्या क्षणी राजाला शह नसावा, राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात बसतो त्यावर समोरच्याचा मारा नसावा. बस. आधी शह बसला होता आणि तो मध्ये मोहरा घालून किंवा शह देणाऱ्याला मारून टाळला, राजा जागचा हलला नाही, तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत आहे. हत्तीवर मारा असला तरीही चालतं. वजिराच्या बाजूला किल्लेकोट करताना हत्ती बी१ वरून जातो, त्या घरावर मारा असला तरी हरकत नाही, कारण राजा तिथून जात नाही.

आणि राजाला आधी हात लावायचा. स्पर्धेत आधी हत्तीला हात लावला तर हत्तीच चालवावा लागतो. 'हात लावला तो मोहरा खेळायचा' हा नियम मुलाला घरापासूनच पाळायला लावा. घरी परत घ्यायची सवय लागली की स्पर्धेत रडू येतं.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. सुलतान खानची गोष्ट काल रात्री मुलाला सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे आबांचा खेळ तोच?" मी म्हटलं, हो, बराचसा. आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, पण पान उलटलं नाही बराच वेळ.

एक प्रश्न मुलाचा. त्याच्या मोबाइलवरच्या खेळात वजिराला राणी म्हणतात. शाळेतली मुलंही राणीच म्हणतात. आबा वजीर म्हणतात. कोणता शब्द बरोबर?

अडीचकी

मराठीत वजीर. राजाच्या शेजारी त्याचा मंत्री, हीच जुनी कल्पना. फारसीतही तो मंत्रीच होता. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली. आणि मुलाला आवडेल अशी गोष्ट: जुना वजीर फार दुबळा होता, तिरकं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला सगळ्या दिशांना हवं तितकं जायची ताकद मिळाली आणि उंटालाही तिरकी लांब चाल मिळाली. तिथून खेळ वेगवान झाला. नंतर ती लांब चाल आपल्याकडच्या वजिरानंही घेतली, नाव मात्र आपलंच ठेवलं.

मी घरी वजीरच म्हणतो.

सांगलीकर_८१

सांगलीत वाढलो, त्यामुळे हा धागा वाचून राहवेना. आमच्याकडे भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे बुद्धिबळ हा गावाचाच खेळ होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा असली की आम्ही मुलं खिडकीतून डाव बघायचो. एक गोष्ट तिथे शिकलो ती सांगतो: डाव लिहून ठेवायचा. मुलाला एक वही द्या. प्रत्येक घराला नाव आहे, उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८. खेळी झाली की लिहायची. हरलेला डाव घरी येऊन पुन्हा मांडता येतो, आणि कुठे बिघडलं ते मुलालाच दिसतं. माझ्या त्या वेळच्या वह्या अजून आहेत.

पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात. इतकं पाहिलं की मांडणी चुकत नाही.

तिरकी_चाल

काल राहिलेला तिसरा आठवडा. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि तुमच्या मुलाचा डाव नेमका इथेच अडला.

कापाब्लांकाचंही सांगणं होतं की शेवटापासून शिका. पटावर थोडे मोहरे असले की प्रत्येकाची ताकद उघडी दिसते. आधी दोन हत्तींची मात. एक हत्ती चौथी आडवी रांग अडवून बसतो, म्हणजे राजाला खाली येता येत नाही. दुसरा पाचव्या रांगेतून शह देतो, राजा सहाव्यात जातो. मग पहिला सहाव्यात शह देतो, राजा सातव्यात. जिना चढल्यासारखं. राजा हत्तीच्या अंगावर आला तर हत्ती त्याच रांगेत पटाच्या दुसऱ्या टोकाला पळवायचा आणि पुन्हा जिना सुरू.

मग एकटा वजीर आणि राजा. इथे शह देत सुटायचं नाही, हे मुलांना सगळ्यात अवघड जातं. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या उडीवर ठेवायचा. राजा जिकडे सरकेल तिकडे वजीर तशाच अंतरानं सरकवायचा. राजाची जागा आपोआप आकसत जाते आणि तो कडेला लागतो. आता थांबायचं! हा क्षण नीट शिकवा. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात गेला आणि तुम्ही सवयीनं वजीर बी६ ला नेलात, तर काय होतं? राजाला शह नाही, पण जायला एकही घर नाही. ए७, बी७, बी८, तिन्ही वजिरानं धरलेली. हे स्टेलमेट. बरोबरी. वजीर हाती असून अर्धा गुण गेला.

त्याऐवजी वजीर डी७ ला ठेवा. सातवी रांग बंद. राजा ए८ आणि बी८ या दोन घरांत येरझारा घालत राहील, त्याला घालू द्या. तेवढ्यात आपला राजा एकेक पाऊल चालत बी६ ला आणा. मग वजीर बी७ ला, राजाच्या आधारानं. मात. हे माझ्या वर्गात प्रत्येक मूल डोळे मिटून करतं, आणि ते येईपर्यंत मी पूर्ण पट मांडू देत नाही.

मोहऱ्यांची किंमत याच्यानंतर सांगा: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. देवाणघेवाण करताना हिशेब लागतो. पण तुमच्या मुलाला आता कळेल की शेवटी ३ किमतीचा एकटा उंट मात करू शकत नाही, आणि १ किमतीचं प्यादं वजीर होऊन डाव जिंकतं. आकडे शिकवायचे ते हे सांगूनच.

वाईची_पोर

ताई, तुम्ही स्वतः शिकताय हे वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी बुद्धिबळाचा पट बाबा आणि काकांचा असायचा, आम्ही मुली चहा नेऊन द्यायचो. आणि त्याच काळात मुंबईत खाडिलकर बहिणी खेळत होत्या. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली, पहिली वासंती खाडिलकर यांनी जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं विजेतेपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघींच्याच घरात राहिलं. रोहिणी तर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमी शहरात कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मी ऑफिसमध्ये बसून मोबाइलवर डाव बघत होते आणि हात थरथरत होते.

मुलाबरोबर तुम्हीही खेळा. त्याला शिकवायला म्हणून नको, स्वतःसाठी.

माजघर

दोन आठवड्यांनी लिहितेय.

मी तिरकी_चाल यांनी सांगितलेली कोपऱ्यातली मांडणी, काळा राजा ए८ आणि पांढरा वजीर बी६, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवली आणि आबांना हाक मारली. विचारलं, "तुमच्या खेळात याला काय म्हणतात?" आबांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाले, "अशी खेळी आमच्यात चालत नाही. परत घ्यायची आणि दुसरी करायची. राजाला मारायचं तर समोरून, कोंडून नाही." मग स्वतःच खुर्ची ओढून बसले आणि मला वजीर कुठे ठेवायचा ते दाखवलं. डी७ नाही, त्यांनी सी७ ला ठेवला. मी म्हटलं आता राजाला जायला घरच नाही. त्यांनी बघितलं. "खरंच की," म्हणाले, आणि एक घर मागे घेतला.

तेवढ्यात मुलगा आला. आता रोज दोन डाव होतात. पहिला आबांच्या नियमांनी, राजासमोर वजीर मांडून. दुसरा स्पर्धेच्या नियमांनी. दुसऱ्या डावात मुलगा शिकवतो. आँ पासाँ आबांना पहिल्यांदा अजिबात पटलं नाही. "शेजारून गेलेल्याला मागून मारायचं?" असं दोनदा विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मुलाचं प्यादं तसं मारलं आणि तो ओरडला.

मीही खेळते. आबांविरुद्ध अजून एकही डाव जिंकलेली नाही. वजीर-राजाची मात मात्र न चुकता येते. मुलानं वही केली आहे, त्यात तो सी८ चा डावही आठवून लिहिलाय. शेवटच्या खेळीपुढे त्यानं लाल पेननं "वजीर" असं लिहिलंय.

आबांचा एक प्रश्न आहे. त्यांना वाटतं प्यादं पोचलं तेव्हा आपला वजीर अजून जिवंत असेल तर दुसरा वजीर कसा घेणार? त्यांच्या खेळात मेलेलाच मोहरा परत येतो. आणि घेता येत असेल तर सोंगटी कुठून आणायची?

अडीचकी

घेता येतो. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा, तिसरासुद्धा. स्पर्धेत सोंगटी हाताशी नसेल तर घड्याळ थांबवायचं आणि पंचांकडे मागायचा. घाईत उलटा हत्ती ठेवून "हा वजीर" म्हणू नका, पंच त्याला हत्तीच धरतात. मुलाला हे विशेष सांगा. घरी मात्र काहीही चालतं, आमच्याकडे शाईच्या बाटलीचं बूच आहे.